सॅमसन मिस्त्री आणि फुसफुसणारा व्हॉल्व्ह

सॅमसन ओहोळांना चहा देणाऱ्याने एक गोष्ट आधीच समजून घ्यावी. मिस्त्री कप तोंडाला लावण्याआधी नाकाला लावतात. चहात काय असणार, दूध, साखर आणि पत्ती. पण मिस्त्री म्हणतात की वास घ्यायला काही बिल येत नाही. सुप्याच्या चौकातल्या हॉटेलवाल्याला पहिल्यांदा याचा राग आला होता. आता तोच कप पुढे करतो आणि म्हणतो, घ्या, तपासून घ्या.

माणूस वाईट नाही. कोणाच्या काडीला हात लावणार नाही, कोणाचं काम अडवणार नाही. पण विश्वास नावाची गोष्ट त्यांच्या वाट्याला जरा कमीच आली. रविवारी चर्चमध्ये सगळ्यांबरोबर डोळे मिटतात, पण एक डोळा किलकिला ठेवून दारातल्या चपलांकडे लक्ष असतं. मोबाईलमध्ये नावं साठवतानासुद्धा नुसतं नाव ठेवत नाहीत, पुढे शेरा मारतात. ‘गॅसवाला वजन बघ.’ ‘हार्डवेअर परत घेत नाही.’ सख्ख्या मेव्हण्याचं नाव ‘मेव्हणा लांबण लावतो’ असं आहे. आणि त्यांच्याकडे अर्धं आयुष्य काम केलेल्या हनुमंतचं नाव ‘हनुमंत उचलू नये’ असं आहे.

पुणे रस्त्याला लागून मिस्त्रींचं पत्र्याचं वर्कशॉप आहे. आधी एमआयडीसीतल्या कारखान्यात फिटर होते. तिथेही सुपरवायझर आपल्यावर डोळा ठेवून आहे असं वाटून नोकरी सोडली आणि दूध काढायच्या मशीनचं काम सुरू केलं. वस्त्यावस्त्यांवर जर्सी आणि होल्स्टीन गाई आल्या, धारा काढायला माणसं मिळेनाशी झाली, आणि मिस्त्रींचा जम बसला. पंप जुना घ्यायचा, खोलून नवा करायचा, वर्कशॉपच्या बाकावर चालवून बघायचा आणि मग गोठ्यात नेऊन बसवायचा, ही त्यांची पद्धत.

या पंपाचं काम सोपं आहे. तो नळीतली हवा ओढतो, त्या ओढीने सडातून दूध येतं. पण पंपाला थांबायचं कळत नाही. ओढ वाढतच गेली तर दूध संपल्यावर रक्त येतं, सड सुजतात, कास दगडासारखी होते. पंपही तापतो तो वेगळाच. म्हणून नळीवर एक व्हॉल्व्ह बसवतात. ओढ ठरल्यापेक्षा जास्त झाली की तो आपोआप उघडतो आणि बाहेरची हवा आत घेतो. बाहेरची हवा आत आली की ओढ कमी होते आणि गाय सुखात राहते. मुठीएवढी पितळी वस्तू, पण गाईचा सगळा भरवसा तिच्यावर. मिस्त्रींच्या वर्कशॉपमध्ये फोटो फक्त येशूचा होता, पण दिवसातून जास्त वेळा नजर जायची ती व्हॉल्व्हकडे.

वरचा नट फिरवून तो व्हॉल्व्ह कितीवर लावायचा, कसा लावायचा, हे मिस्त्री कोणाला दाखवत नसत. हनुमंत जामखेडकडून कामाच्या शोधात आला आणि त्यांच्याकडे राहिला. मेहनती होता, मुका होता म्हटलं तरी चालेल इतकं कमी बोलायचा. हेलनबाई, म्हणजे मिस्त्रींच्या पत्नी, जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवतात. त्या सकाळी डबा करताना हनुमंतच्या दोन भाकरी वेगळ्या थापायच्या. पण एकदा मिस्त्री व्हॉल्व्ह लावत असताना हनुमंत जरा जास्तच निरखून बघतोय असं त्यांना वाटलं. झालं. त्या दिवसापासून मिस्त्री त्याच्याकडे पाठ करून व्हॉल्व्ह लावू लागले. ज्याच्याकडे रोज पाठ केली जाते तो माणूस किती दिवस टिकेल? हनुमंत गेला आणि रस्त्याच्या पलीकडे त्याने स्वतःचा पत्रा उभा केला.

“बघ, माझा संशय खरा निघाला,” मिस्त्री म्हणाले.

“तुम्हीच खरा करून घेतलात,” हेलनबाई म्हणाल्या आणि शाळेला निघून गेल्या.

तेव्हापासून गिऱ्हाइकालाही काही सांगायचं नाही असं मिस्त्रींनी ठरवलं. न जाणो, सांगितलेलं पलीकडे जायचं. गोठ्यात मशीन बसवलं की एवढंच सांगत: बटण दाबायचं, सडांना कप लावायचे, आणि काही झालं तर मला फोन करायचा. दुसऱ्या कोणाला हात लावू द्यायचा नाही. हनुमंतला तर मुळीच नाही.

नुकतंच जुनं मशीन बदलून दिलं तेव्हा रतनबाईंनाही त्यांनी हेच सांगितलं होतं.

रतनबाईंची वस्ती पारनेरच्या वाटेला, माळावर. नवरा गेला, मुलगा-सून पुण्याला, आणि म्हातारी गाईंच्या जिवावर आणि गाई म्हातारीच्या जिवावर. मिस्त्री वर्कशॉप टाकून बसले तेव्हा पहिलं मशीन रतनबाईंनीच घेतलं. लोक म्हणत होते, कारखान्यातून बाहेर पडलेल्या माणसाच्या हाती गाई कशा देता? त्या म्हणाल्या, माझ्या समोर वाढलेलं लेकरू हाय. मिस्त्री त्यांना मावशी म्हणतात. अख्ख्या तालुक्यात ज्या एका माणसावर त्यांनी कधी शंका घेतली नव्हती ती ही मावशी.

आणि तिच्याच मैनाला दगडी झाली, कास सुजून घट्ट झाली. मैना म्हणजे गोठ्यातली सगळ्यात दुधाळ गाय. दुधात लाल धागा दिसला, डेअरीवर दूध परत आलं. डॉक्टर म्हणाले, मशीन जास्त ओढतंय, आणि हे डेअरीवर रांगेत उभ्या असलेल्या सगळ्यांनी ऐकलं. संध्याकाळपर्यंत वाक्य तयार झालं: सॅमसनचं मशीन रक्त ओढतं. दोघांनी ठरलेली मशीनं नको म्हणून कळवलं. एकाचा पंप दुसऱ्या दिवशी पलीकडच्या पत्र्याखाली दिसला. मिस्त्रींना अन्न गोड लागेना. वर्कशॉप बुडेल ही भीती होतीच, पण त्याहून मोठी टोचणी ही की मावशीच्या गोठ्यात आपल्या हातून रक्त निघालं.

पंप आणि व्हॉल्व्ह काढून त्यांनी वर्कशॉपमध्ये आणले. बाकावर लावून चालवले. व्हॉल्व्ह जिथे उघडायचा तिथेच उघडला, ओढ दाखवणारा काटा जिथे थांबायचा तिथेच थांबला. पुन्हा चालवलं, पुन्हा तसंच. पण पंपाचं तेल मात्र करपलेलं होतं. म्हणजे गोठ्यात तो जास्त ओढतच होता. इथे शहाणा आणि तिथे वेडा, असं यंत्र नसतं. असं माणूस असतं. मिस्त्रींनी व्हॉल्व्ह उजेडात धरून फिरवला आणि पितळेवर त्यांना काळा पट्टा दिसला. नखाने खरवडून वास घेतला. रबर.

सायकलची ट्यूब. पितळेला दात लागू नयेत म्हणून पान्ह्याच्या जबड्यात ट्यूबचा तुकडा ठेवायची सवय या भागात दोघांनाच होती. एक स्वतः मिस्त्री. दुसरा, ज्याला त्यांनी ती लावली तो.

रात्री जेवताना त्यांनी हेलनबाईंपुढे व्हॉल्व्ह ठेवला. त्यांचा हिशोब असा: हनुमंत वस्तीवर जातो, ओढ वाढावी म्हणून नट आवळतो, गाय बिघडली की गिऱ्हाईक त्याचं, आणि आपण पंप आणायच्या आधी नट पुन्हा जागेवर. सगळं जुळत होतं. हेलनबाईंनी व्हॉल्व्ह हातात घेऊन पाहिला. म्हणाल्या, नट वर आहे आणि डाग खाली हवेच्या भोकांवर आहे, तो का? मिस्त्रींनी डागाकडे पुन्हा पाहिलं. मग त्यांच्या मनात आलं की ही पहिल्यापासून हनुमंतचीच बाजू घेते. त्यांनी व्हॉल्व्ह काढून घेतला आणि भाकरीकडे वळले.

दुसऱ्या दिवशी डेअरीवर हनुमंत दिसला. मिस्त्री आवाज चढवणारे नव्हेत, पण त्या दिवशी सगळ्यांना ऐकू जाईल असंच बोलले. म्हणाले, पान्हा चालवायचा तर माझ्या समोर येऊन चालव, मुक्या जनावरावर कशाला चालवतोस. रांगेतली माणसं एकमेकांकडे बघायला लागली. हनुमंतच्या हातात कॅन होता. तो त्याने खाली ठेवला, काहीतरी बोलायला तोंड उघडलं, मग कॅन उचलून तो निघून गेला. चोराच्या मनात चांदणं म्हणतात ते हेच, असं मिस्त्रींना वाटलं. मला विचाराल तर त्या माणसाच्या चेहऱ्यावर चोराचं काही नव्हतं, पण मिस्त्रींनी चेहरा पाहिलाच कुठे? ते त्याचे हात बघत होते. दुपारी हनुमंतचा फोन आला. नाव दिसलं, शेरा दिसला, मिस्त्रींनी उचलला नाही. परत आला, परत उचलला नाही.

आता व्हॉल्व्ह असा हवा होता की हनुमंतच्या बापालाही फिरवता येऊ नये. तो निवडायला मिस्त्री एसटीने नगरला गेले.

बाजारातल्या दुकानदाराने पहिल्यांदा काढून दिला तो कॉम्प्रेसरचा सेफ्टी व्हॉल्व्ह. चकचकीत, वर कडी. मिस्त्रींनी तो तोंडाला लावून हवा ओढून पाहिली. दुकानातली दोन गिऱ्हाइकं बघतच राहिली. हवा आली नाही. येणारही नव्हती, कारण तो आतली हवा बाहेर सोडणारा; आपल्याला बाहेरची आत घेणारा पाहिजे. दुकानदार म्हणाला, सगळे हाच नेतात. मिस्त्रींनी तिथल्या तिथे त्याच्या नावापुढचा शेरा वाढवला.

मग मापाचा प्रश्न आला. पंप जेवढी हवा ओढतो तेवढी सगळी आत घेण्याइतका व्हॉल्व्हचा घसा मोठा पाहिजे. लहान घेतला तर तो उघडाच राहील आणि ओढ तरीही वाढत जाईल. पंपाच्या पाटीवर आकडा होता, पण पाटीला रंग मारलेला, म्हणजे पाटीवरही विश्वास नाही. मिस्त्रींनी पंप खोलून स्वतः मोजलं होतं आणि त्याहून एक माप मोठा व्हॉल्व्ह मागितला. दुकानदाराने दोन काढले. एक स्प्रिंगचा, वर नट असलेला. तो त्यांनी हातही न लावता बाजूला सारला. नट म्हणजे हनुमंतला आमंत्रण. दुसरा वजनाचा. आत ठरलेलं वजन, ओढ वाढली की हवा ते वजन उचलून आत शिरते, बाहेरून जाळीचा पिंजरा आणि पिंजऱ्याला तार घालून सील ठोकायला भोक. वीज मीटरला असतं तसं.

“यातच एक बिनआवाजाचा आहे,” दुकानदार म्हणाला. “वर नमद्याची, दाबलेल्या लोकरीची टोपी. फुसफुस ऐकू येत नाही. हल्ली लोक तोच मागतात.”

मिस्त्री थांबले. आवाज न करणारा पहारेकरी जागा आहे की झोपलाय, कसं कळणार? त्यांनी फुसफुसणारा घेतला. आयुष्यभर घेतलेल्या शंकांमध्ये ही एक शंका अगदी बरोबर होती, हे इथेच सांगून ठेवतो.

वस्तीवर जाऊन त्यांनी व्हॉल्व्ह बसवला, तार घातली, शिसं दाबून सील केलं. मशीन चालू केलं. काटा जागेवर, व्हॉल्व्हची फुसफुस सुरू. रतनबाई पदर तोंडाला लावून त्या आवाजाकडे बघत होत्या. मिस्त्रींनी विचारलं, हनुमंत इकडे येतो का? त्या म्हणाल्या, एकदा आल्ता. आणि मैनाच्या पाठीवरून हात फिरवायला लागल्या. मिस्त्री म्हणाले, परत आला तर दारात उभा करू नका. मावशींनी नुसती मान हलवली, आणि परतीच्या वाटेवर मिस्त्रींना आयुष्यात पहिल्यांदा वाटलं की मावशीही काहीतरी लपवते आहे. त्या विचाराने त्यांना मोटारसायकल बाजूला घ्यावी लागली.

आठवडा गेला नाही तोच दुसऱ्या गाईचा सड सुजला.

मिस्त्री धावत गेले. सील जसंच्या तसं. तार सुद्धा वाकलेली नाही. मशीन चालवलं तर काटा जागेवर. पण पंपाला हात लावला तर अजून गरम, आणि तेलाला तोच करपट वास. म्हणजे सील न तोडता कोणीतरी ओढ वाढवत होतं. आता शंका घ्यायची ती कोणावर? मिस्त्रींनी ठरवलं की या वेळी ऐकून काही मानायचं नाही, डोळ्यांनी बघायचं. पहाटे धारेच्या वेळी ते न सांगता गेले, मोटारसायकल लांब बांधावर लावली आणि गोठ्यामागच्या कडब्याच्या गंजीला टेकून उभे राहिले. थंडी होती. हनुमंतची वाट बघत त्यांनी हात काखेत धरले.

हनुमंत आला नाही. रतनबाई आल्या. बटण दाबलं, पंप सुरू झाला, व्हॉल्व्ह फुसफुसायला लागला. त्यांनी दाराकडे एकदा पाहिलं, मग कनवटीतून काळी पट्टी काढली. सायकलच्या ट्यूबची. आणि पिंजऱ्याच्या जाळीवर वेढे देत ती जखमेला बांधावी तशी बांधली. माळावरच्या माणसाला ही सवय बोटांत असते. पाइप गळला, बांध ट्यूब. ठिबक फुटलं, बांध ट्यूब. जिथे पाण्याच्या थेंबासाठी जन्म गेला तिथे काही गळताना ऐकू आलं की हात आपोआप पट्टीकडे जातो. फुसफुस थांबली. काटा सरकायला लागला, आणि मैनाने मागचा पाय झटकला.

मिस्त्री आत गेले आणि त्यांनी आधी बटण बंद केलं.

“मावशी, हे काय करता?”

रतनबाई दचकल्या नाहीत, ओशाळल्या. “गळतंय ना रं ते,” त्या म्हणाल्या. “पयलंबी गळत हुतं, तू नवं आनलंस तेबी गळतंय. धारंच्या वक्ताला चार मानसं येत्यात, म्हनत्यात सॅमसनचं काम फुसकं. मला न्हाई ऐकवत. म्हनून बांधते. तू यायचा आसला की सोडून ठेवते. तुला कशाला सांगायचं? जिवाला लावून घेशील.”

मिस्त्री जाळीवरच्या पट्टीकडे बघत राहिले. त्यांच्या अब्रूला भोक पडलंय असं समजून ही म्हातारी रोज दोन वेळा ते बांधत होती, आणि त्याच पट्टीने तिच्याच गाईंचं रक्त निघत होतं. ही फुसफुस म्हणजे गळती नव्हे, हे एक वाक्य त्यांनी कधी सांगितलं नव्हतं. पलीकडे जाईल म्हणून.

“मैनाचं ऐकून हनुमंता आल्ता तवा म्हनला हुता,” रतनबाई खाली बघत म्हणाल्या. “म्हनला, काकू, पट्टी सोडा, उस्तादांनी लावलंय ते बराबर हाय. त्यो आवाज असाच पायजे. पर तू म्हनला हुतास, त्याचं ऐकू नगा. मला वाटलं, ह्यो तुझ्या वाइटावर हाय. हाकलला मी त्याला.”

गाई गव्हाणीत तोंड घालून उभ्या होत्या. मिस्त्रींनी पट्टीचा एकेक वेढा सोडला. बटण दाबलं, आणि मावशीचा हात धरून तिचं बोट जाळीपाशी नेलं. बोटाला वारा लागला. त्यांनी सांगितलं की हा व्हॉल्व्हचा श्वास आहे, तो चालू आहे तोवर गाय सुखात आहे, आणि तो थांबला तर लगेच मशीन बंद करायचं. काटा कुठे असला पाहिजे तेही दाखवलं. सगळं सांगितलं, काही राखून ठेवलं नाही. रतनबाई बराच वेळ बोट तसंच धरून उभ्या होत्या.

“म्हंजी हनुमंता खरं बोलत हुता?”

“व्हय,” मिस्त्री म्हणाले. इतका जड शब्द त्यांनी आयुष्यात उचलला नव्हता.

तिथून ते डेअरीवर गेले. जिथे उभं राहून बोलले होते तिथेच उभं राहून सांगितलं की चूक हनुमंतची नव्हती, माझी होती. मावशीचं नाव त्यांनी घेतलं नाही. मग रस्ता ओलांडून पलीकडच्या पत्र्याखाली गेले. वर्षानुवर्षं समोर असलेला तो पत्रा त्यांनी आतून कधी पाहिला नव्हता. हनुमंत एक पंप खोलून बसला होता. उठला, स्टूल पुसून पुढे केलं. मिस्त्री बसले नाहीत. काय सांगायचं ते उभ्या उभ्याच सांगितलं, आणि म्हणाले की तू मला का सांगितलं नाहीस.

“फोन केल्ता, उस्ताद,” हनुमंत म्हणाला.

मिस्त्रींनी खिशातून मोबाईल काढला. लपवून ठेवण्यासारखं आता काही राहिलं नव्हतं. त्याचं नाव उघडून त्यांनी मोबाईल त्याच्यापुढे धरला. हनुमंतने ‘हनुमंत उचलू नये’ वाचलं. तो रागावला नाही, हसलाही नाही. तेलाचा हात फडक्याला पुसून त्याने स्वतःचा मोबाईल काढला, मिस्त्रींचा नंबर शोधला आणि त्यांच्यापुढे धरला.

तिथे नुसतं ‘उस्ताद’ असं लिहिलेलं होतं. पुढे काही नव्हतं.